वायफाय कॅमेरा सारखा ऑफलाइन: वायर ओढावी की राउटर सुधारावा?

पडवीतला पहारा (धागाकर्ता)

गुहागर तालुक्यात आमचं घर आहे. आईबाबा दोघंच तिथे, आम्ही पुण्यात. पडवीच्या वाशाला एक आणि बेड्याकडे (आवाराच्या फाटकाकडे) तोंड करून एक असे दोन वायफाय कॅमेरे लावलेत. राउटर माजघरात. दिवसभर बरं चालतं, पण दिवेलागण झाली की दोन्हींपैकी एक तरी 'ऑफलाइन' दाखवतो. मग बाबांना फोन, आणि बाबा स्टुलावर चढून प्लग काढ-घाल करणार. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्टुलावर चढवणारी सुरक्षा काय कामाची?

माझं मत स्पष्ट आहे. राखणीच्या कामाला वायफाय वापरूच नये. जांभ्याच्या दीड-दीड फुटी भिंती, त्यातून 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल पडवीत पोचेपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो. रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारा डबा) लावा, चॅनेल बदला, नवं फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) टाका, ही सगळी मलमपट्टी. कॅट-6 नेटवर्क केबल ओढायची, पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) स्विच बसवायचा, विषय संपला. पीओईचं पहिलं मानक 2003 सालचं, म्हणजे तंत्र चांगलं मुरलेलं आहे. एकाच केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही जातात, स्विचकडून 15.4 वॉटपर्यंत, शंभर मीटर अंतरापर्यंत.

असहमत असाल तर कारण द्या. 'आमच्याकडे मस्त चालतो' हे कारण नव्हे.

निवृत्त फेज

असहमत, आणि कारण तुमच्याच पोस्टमध्ये आहे. भिंत दुपारीही तेवढीच जाड असते ना? मग कॅमेरा दिवेलागणीलाच का पडतो?

अंधार झाला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो दिवसापेक्षा बराच जास्त करंट ओढतो. आता सांगा, अडॅप्टर कुठे आहे आणि कॅमेरा कुठे? माझी पैज आहे की प्लग आत आहे आणि मधे बारीक यूएसबी एक्स्टेन्शन ओढलंय. 28 गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण 0.2 ओहम. पाच मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, झाले दोन ओहम. अर्धा अँपिअर ओढला की एक व्होल्ट वाटेतच गेला. पाचातले चार उरले. कॅमेरा गुदमरतो, रीस्टार्ट होतो आणि तुमच्या फोनवर 'ऑफलाइन' येतं. नेटवर्कचा यात काडीचा संबंध नाही. बाबांनी प्लग काढून घातला की तो थोडा वेळ चालतो, म्हणून सगळे राउटरला शिव्या घालतात.

उपाय: 230 व्होल्टचा पॉइंट पडवीत न्या, अडॅप्टर तिथे लावा, पाच व्होल्टची वायर हातभरच ठेवा.

पडवीतला पहारा

वायर लांब आहे, मान्य. पण दोन कॅमेऱ्यांपैकी बेड्याकडचा दुपारीही अधूनमधून जातो. त्याचं काय? शिवाय पीओईवर 48 व्होल्टच्या आसपास वीज जाते, करंट कमी, त्यामुळे तुमचा तो व्होल्टेज ड्रॉपचा प्रश्नच मिटतो. म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

चॅनेल तेरा

दुपारी जाणाऱ्याचं मी सांगतो. वायरवाल्यांना राउटरचं सेटिंग पान उघडायचा कंटाळा असतो, म्हणून ते थेट भिंत फोडायला निघतात.

बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त 2.4 वर चालतात. हल्लीचे राउटर 2.4 आणि 5 या दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि उपकरणांना इकडून तिकडे ढकलत बसतात. दोन्हींची नावं वेगळी करा. 2.4 ची चॅनेल-रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. चॅनेल 'ऑटो'वरून काढून 1, 6 किंवा 11 वर बसवा. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण भारतात 13 पर्यंत चॅनेल चालतात आणि काही कॅमेऱ्यांच्या फर्मवेअरला 12-13 दिसतच नाहीत. लाइट गेली, आली, राउटरने स्वतःच्या मनाने 13 निवडला, की कॅमेरा बेपत्ता. कोकणात लाइट किती वेळा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको.

वायफायच्या पासवर्डची सुरक्षा डब्ल्यूपीए-2 या प्रकारावर ठेवा. डब्ल्यूपीए-3 मिश्र ठेवलं की जुने कॅमेरे अडखळतात. आणि कॅमेऱ्याला राउटरमध्ये कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला नंबर) राखून द्या. खर्च शून्य.

एक विचारतो, रिपीटर म्हणून जुना राउटर तर नाही ना जोडलाय? त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटायची सोय) चालू राहिलं तर घरात दोन-दोन यजमान पत्ते वाटत सुटतात.

पडवीतला पहारा

जुना राउटर आहे. भाच्याने जोडलाय. बघायला सांगतो.

तार आणि फावडं

मी सिंधुदुर्गात कॅमेरे बसवतो. वायर ओढली की माझे पैसे होतात, तरीही धागाकर्त्याशी निम्माच सहमत.

घराच्या आत वायर उत्तम. पण बेड्यापर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल नेणार असाल तर वळवाच्या आणि परतीच्या पावसात काय होतं ते ऐका. वीज जवळपास कुठेही पडली तरी त्या लांब केबलमध्ये झटका उतरतो आणि कॅमेरा, स्विच, राउटर, त्याला जोडलेला टीव्ही, सगळं एका रांगेत जातं. वायफाय कॅमेऱ्यात निदान कॅमेरा एकटा मरतो. दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर (झटका अडवणारं उपकरण) आणि खरी अर्थिंग पाहिजे, नुसतं तिसऱ्या पिनचं भोक नव्हे. नाहीतर बेड्यापर्यंत फायबर न्या, तिकडे वेगळी वीज द्या. फायबरमधून वीज उतरत नाही.

आणि केबल घेताना शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची ढीगभर मिळते, ती पीओईला लांबवर तापते आणि पडते. उंदरांसाठी पीव्हीसी पाइप हवाच.

अजून एक. तुमच्या सध्याच्या कॅमेऱ्यांना लॅन पोर्ट (नेटवर्क केबल लावायची जागा) आहे का? नसेल तर वायर ओढून जोडणार कशाला? कॅमेरेही नवे आले.

माहेरवाशीण चिपळूण

सगळे दादा-काका वायरीवर भांडताहेत. आईला विचारलं का कुणी? आमच्या आईने पडवीतल्या कॅमेऱ्यावर पंचाच टाकला होता. ऑफलाइन नव्हता, झाकला होता. 'मी वाळवणं घालताना तुम्ही पुण्यात बसून काय बघता' म्हणाली. चालू द्या.

फॉरेन पार्सल

मी मस्कतला असतो आणि मला वायरवाल्यांचं पटतं, पण वेगळ्या कारणाने. वायफायचा कॅमेरा बाहेरून पाडता येतो. साधे 'डिस्कनेक्ट' संदेश हवेत सोडणारी उपकरणं असतात आणि जुन्या वायफाय कॅमेऱ्यांना ते संदेश खरे वाटतात. नेमका चोर आला तेव्हाच तो ऑफलाइन गेला तर? वायरीला असं लांबून पाडता येत नाही.

चॅनेल तेरा

आपल्या वाडीत येणारा चोर नारळ आणि पंप न्यायला येतो हो. तो कोयत्याने तुमची केबलच कापेल.

आणि ऑफलाइन म्हणजे रेकॉर्डिंग बंद, असं सगळे का धरून चाललेत? आत मेमरी कार्ड असेल तर नेटवर्क गेलं तरी बहुतेक कॅमेरे कार्डावर लिहीत राहतात.

फॉरेन पार्सल

आणि चोर कॅमेराच उपटून नेतो, कार्डासकट. म्हणून रेकॉर्डर आतल्या खोलीत हवा.

निवृत्त फेज

कार्डाचा विषय निघाला ते बरं झालं. धागाकर्ते, काही विकत घेण्याआधी एवढं करा. कॅमेरा ऑफलाइन गेल्याची वेळ लिहून ठेवा आणि नंतर त्या वेळचं रेकॉर्डिंग कार्डावर बघा. चित्रीकरण सलग असेल तर वीज ठीक आहे, दोष वायफायचा किंवा इंटरनेटचा. मधे खंड असेल तर बहुधा कॅमेराच बंद पडत होता, तेव्हा अडॅप्टर आणि वायर बघा. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा खटका 'इको'वर आहे का 'यूपीएस'वर तेही बघा. 'इको'वर लाइट जाता-येता जो क्षण जातो तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो.

एकाच वेळी दोन्ही कॅमेरे गेले तर कॅमेऱ्यांकडे बघूच नका, दोष राउटरकडे किंवा लाइनमध्ये.

पडवीतला पहारा

भाचा जाऊन आला. पडवीतल्या कॅमेऱ्याच्या कार्डावर रात्रीचे खंड आहेत. बेड्याकडच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण सलग आहे, पण सिग्नल उणे 82 डीबीएम दाखवतो (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). जुन्या राउटरचं डीएचसीपी चालूच होतं, ते बंद केलं.

म्हणजे एकाला वीज पुरत नाही आणि दुसऱ्याला सिग्नल. पीओईने दोन्ही मिटतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

निवृत्त फेज

पडवीतल्याला अडॅप्टर जवळ आणला की पुरे. त्याच्यासाठी जांभा कशाला पोखरताय?

चॅनेल तेरा

आणि उणे 82 वर कुठलाच कॅमेरा धड चालणार नाही. उणे 67 च्या आसपास आणा. राउटर माजघरातून ओटीवर, खिडकीशी आणून बघा. देवघराशेजारीच ठेवायचा असा काही नेम आहे का?

पडवीतला पहारा

ओटीवर टीव्हीचा पॉइंट आहे, तिथे सरकवता येईल. पडवीत 230 चा पॉइंट काढायला वायरमन येतोय. पण बेड्याकडे मी केबलच ओढणार. तार आणि फावडं, तिथपर्यंत साधारण चाळीस मीटर आहे, मधे गोठा लागतो. फायबर टाकली तर दोन्ही टोकांना मिळून काय काय लागेल?

तार आणि फावडं

दोन्हीकडे एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटवर्क केबल जोडणारा डबा), तिकडच्या टोकाला छोटा पीओई स्विच, पाणी न शिरणारा डबा आणि गोठ्यातून काढलेली वीज. लॅन पोर्टचा कॅमेरा वेगळा. खोदाई पावसाआधी उरका, नंतर चिखलात पाइप बसत नाही. गोठ्यातल्या बोर्डाला अर्थिंग आहे का ते वायरमनला त्याच फेरीत बघायला सांगा.