कोरड्या तळावर उणे खोली
एकाने विचारलंय की धरणफुटीच्या संगणकी मॉडेलमध्ये लाटेच्या टोकाशी पाण्याची खोली उणे येते, तर ग्रिड (हिशोबासाठी आखलेली जाळी, तिचा एक चौकोन म्हणजे सेल) आणखी बारीक करावी का. त्याने फारसं साधणार नाही. घोळ कोरड्या तळाचा आहे, म्हणजे लाटेपुढच्या अजून पाणी न पोचलेल्या जमिनीचा. टोकाशी खोली शून्याकडे जाते आणि वेग काढताना आपण विसर्गाला (दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याला) त्याच खोलीने भागतो, म्हणून वेग भलताच फुगतो. मी एक किमान खोली ठरवतो; त्याखालचा सेल कोरडा धरायचा, वेग शून्य. टाइमस्टेपही (हिशोबातलं वेळेचं एक पाऊल) बघा, एका पावलात लाट सेल ओलांडून गेली की एक्स्प्लिसिट स्कीम (पुढची स्थिती थेट आधीच्या स्थितीवरून काढणारी पद्धत) हातची गेलीच.

मुळात आधी रिटरच्या १८९२ च्या उत्तराशी (धरणफुटीच्या लाटेचं गणिताने काढलेलं नेमकं उत्तर) ताडून पाहिलंत का? सपाट, घर्षण नसलेला कोरडा तळ, मागे १० मीटर पाणी. धरणाच्या जागी खोली मूळच्या ४/९, म्हणजे ४.४४ मीटर, आणि ती तिथेच टिकून राहते. टोक मात्र सेकंदाला सुमारे १९.८ मीटरने पळतं. टोक थोडं मागे पडलं तर लगेच घाबरू नका, तो पातळ थर पकडताना बहुतेक स्कीम अडखळतात. पण ४.४४ च चुकलं तर कोड उघडा. मॅनिंगचं घर्षण (तळाच्या खडबडीतपणाचा हिशोब धरणारं सूत्र) त्यानंतर घाला. (मी एकदा ते आधीच घालून बसलो आणि दोन दिवस नसलेली चूक शोधत होतो.)