मदत हवी आहे: पत्रावर 17,516, खात्यात 8,920. वॉर्डबॉयची पगारपावती कशी वाचायची?

पांझराकाठचा

राम राम मंडळी. धुळे जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात 1 ऑगस्टपासून कक्षसेवक म्हणून लागलो आहे. सरळसेवेनं नाही, आउटसोर्सिंगवर, ठेकेदार कंपनीमार्फत. रुग्णालयाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अजून तिथंच नोकरी करायची आहे.

रुजू होताना जे पत्र दिलं त्यावर एकच ओळ होती: "एकूण दरमहा रु. 17,516 (सर्व समाविष्ट)". मी घरी साडेसतरा हजार सांगून मोकळा झालो. काकांनी तर अर्ध्या गावाला सांगितलं. 12 सप्टेंबरला बँकेचा मेसेज आला, 8,920 जमा. आधी वाटलं दोन हप्त्यांत देणार असतील. सुपरवायझरला विचारलं तर म्हणे, "कटिंग झालीय, सगळ्यांची होते." काका रोज संध्याकाळी विचारतात, "कितला पगार भेटना भो?" आणि मी रोज सांगतो, अजून झाला नाही.

चार दिवस मागे लागल्यावर पावती मिळाली. जशी आहे तशी लिहितो. हजर दिवस 24. मूळ वेतन 8,215, विशेष भत्ता 4,246, घरभाडे 623, एकूण 13,084. कपात: पी.एफ. 1,495, ई.एस.आय. 99, पी.टी. 200, पी.एफ. (आस्था.) 1,620, इतर 750. निव्वळ 8,920.

पोळ्याला मी एक दिवस सुट्टी घेतली होती, ती कापली तर तक्रार नाही. पण 25 ऐवजी 24 कसे? हे "आस्था." काय प्रकरण आहे? आणि 17,516 चे 13,084 कुठल्या रस्त्यानं झाले? माझं बी.ए. मराठीत झालंय, हिशेबात मी कच्चा आहे. 8,920 ला 24 नं भागलं तर रोजचे 371 रुपये पडतात. आईला निंदणीला 300 मिळतात, आणि तिला रात्रपाळी नसते.

तोरणमाळ

भाऊ, यालाच सीटीसी म्हणतात. पत्रावरचा आकडा म्हणजे कंपनीला तू कितीला पडतोस तो. खाजगीतही हेच असतं. पीएफ तुझाच आहे, बुडत नाही. उगाच टेन्शन घेऊ नको.

पांझराकाठचा

पीएफ माझा आहे हे कळतं हो. पण तो एका महिन्यात दोनदा कापतात का?

हिशेबनीस

तोरणमाळ यांचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यातच गोम आहे. मी वीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात पगारपत्रकं केली आहेत, आता निवृत्त. कागद-पेन्सिल घेऊन बस.

आधी पूर्ण महिन्याचा पगार काढू. अशा नोकरीत महिना 26 दिवसांचा धरतात. तुझे 24 दिवसांचे आकडे 26 वर नेले की मूळ 8,900, विशेष भत्ता 4,600, दोन्ही मिळून 13,500. त्यावर 5 टक्के घरभाडं 675. एकूण 14,175. हा तुझा खरा ठोक पगार.

आता 14,175 आणि 17,516 यांच्यात 3,341 चा फरक राहतो. कामगाराच्या पीएफसाठी मालकाला स्वतःच्या खिशातून 13,500 च्या 13 टक्के भरावे लागतात: 12 टक्के वर्गणी आणि 1 टक्का विमा व प्रशासनाचा खर्च. झाले 1,755. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, मालकाचे सव्वातीन टक्के 14,175 वर, म्हणजे 461. बोनसची तरतूद 8.33 टक्के, 1,125. बेरीज कर: 3,341. रुपयाचाही फरक नाही. म्हणजे पत्र लिहिणाऱ्यानं मालकाचा सगळा खर्च 17,516 मध्ये आधीच धरलेला आहे आणि तो बाजूला काढूनच तुला 14,175 चा दर लावलाय. इथपर्यंत तोरणमाळ बरोबर. आकडा फुगवून सांगितला, एवढंच.

आता ती "आस्था." ओळ बघ. आस्था म्हणजे आस्थापना, म्हणजेच मालक. तुझ्या 24 दिवसांच्या मूळ अधिक भत्त्याची बेरीज 12,461. त्याचे 13 टक्के किती? 1,620. तोच मालकाचा हिस्सा, जो वर एकदा वजा झालाय, तो पावतीत तुझ्या पगारातून पुन्हा कापलाय. हे चालत नाही. मालकानं आपली वर्गणी कामगाराच्या पगारातून वसूल करायची नाही, हे 1952 च्या पीएफ योजनेतच लिहिलेलं आहे. करार काहीही असो.

बाकीच्या कपाती: पीएफ 1,495 म्हणजे 12,461 चे 12 टक्के, बरोबर. ईएसआय 13,084 वर पाऊण टक्का, 98 रुपये 13 पैसे, वरचा पूर्ण रुपया धरतात म्हणून 99, बरोबर. पी.टी. म्हणजे व्यवसाय कर, 10,000 च्या वर पुरुषांना 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. डिसेंबरच्या पावतीत कामगार कल्याण निधीचे 25 दिसले तर घाबरू नको, ते जून आणि डिसेंबरला कापतात.

"इतर 750" काय आहे ते तू सांग.

पांझराकाठचा

काका, तीनदा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं. 750 म्हणजे दोन गणवेश आणि ओळखपत्र, असं सुपरवायझर म्हणाला. तीन महिने कापणार आहेत. गणवेशाची पँट अशी आहे की स्ट्रेचर ढकलताना वाकलो की उसवते. पहिल्याच आठवड्यात सिस्टरनं चिकटपट्टी लावून दिली.

कळण्याची_भाकर

15 ऑगस्टला ड्युटी होती का?

पांझराकाठचा

नाही. सकाळी झेंडावंदनाला गेलो होतो, मग सुपरवायझर म्हणाला आज सुट्टी, घरी जा.

कळण्याची_भाकर

सापडला 25 वा दिवस. 15 ऑगस्टची सुट्टी पगारी असते. मस्टरवर त्या दिवशी काय मारलंय ते आधी बघ. आमच्याकडे 1 मे असाच कापला होता, दाखवल्यावर गुपचूप जोडला.

हिशेबनीस

बरोबर पकडलंत. मग 25 दिवसांचा हिशेब करून टाकू. मूळ 8,558, भत्ता 4,423, घरभाडं 649, एकूण 13,630. त्यातून पीएफ 1,558, ईएसआय 103, व्यवसाय कर 200. हातात 11,769 यायला हवे होते. आले 8,920. तुझा वाद 17,516 चा नाहीच मुळी, 2,849 चा आहे. त्यातले 1,620 आस्थापनेचे, 479 एका दिवसाचे, 750 गणवेशाचे. साडेसतरा हजार म्हणत गेलास तर पहिल्याच वाक्यात तुला खोडून काढतील.

सिस्टर_नंदुरबार

मी कायम आहे, त्यामुळे तुमचं दुःख मला पूर्ण कळतं असं म्हणणार नाही. पण एक सांगते, आमच्या कायम मावशीच्या पावतीशी स्वतःची तुलना करू नका. तिची वेतनश्रेणी एस-1, सुरुवात 15,000 पासून, वर महागाई भत्ता. जानेवारी 2025 पासूनचा 55 टक्के लागू झाला तेव्हा तिला ऑगस्टच्या पगारात थकबाकीही आली. तिची पावती सेवार्थ या सरकारी पगारप्रणालीतून निघते, पीएफच्या जागी एनपीएस या पेन्शन योजनेचे 10 टक्के जातात आणि सरकार 14 टक्के घालतं. काम तेच, वॉर्ड तोच, पण दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या की डोकं फिरतं. आमच्या वॉर्डातला एक पोरगा हेच करत बसला आणि महिनाभर कुणाशी नीट बोलला नाही.

ईएसआयचं पेहचान कार्ड मात्र मागून घ्या. 99 रुपये जातात त्यात आईवडिलांचाही इलाज होतो, ते तुमच्यावर अवलंबून असतील तर. तुमच्यासारख्या पोरांना हे कुणी सांगतच नाही. स्वतः दवाखान्यात काम करतात आणि घरच्यांच्या औषधासाठी उधारी करतात.

ओटी_मावशी

मी पण आउटसोर्सिंग, जळगावकडे. हा धागा वाचून माझी पावती काढली. मला आस्था वगैरे काही नाही, पण पी.टी. 200 दर महिन्याला आहे. दोन वर्षांपासून. एकूण 14,300 आहे. ते बरोबर ना?

हिशेबनीस

नाही ताई. महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून स्त्रियांना महिना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. तुमचा एक रुपयाही कापायला नको होता. सगळ्या जुन्या पावत्या जपून ठेवा. पावत्या नसतील तर बँकेचं पासबुक भरून घ्या.

ओटी_मावशी

दोन वर्षांचे पाच हजार होतात हो. आमच्याकडे सात जणी आहोत.

तोरणमाळ

काका, मघाशी मी घाईत बोललो, मागे घेतो. पण खरं सांगू का, हे सगळं पोरानं सुपरवायझरपुढे मांडलं तर दुसऱ्या दिवसापासून गेटवर दुसरा पोरगा उभा असेल. बाहेर पन्नास जण रांगेत आहेत. माझ्या मावसभावाचं असंच झालं.

हिशेबनीस

भीती खोटी नाही. म्हणूनच सुपरवायझरपाशी तोंडी भांडायला जाऊ नकोस.

आधी यूएएन, म्हणजे तुझ्या पीएफ खात्याचा नंबर घे. तो चालू करून उमंग अॅपवर पीएफचं पासबुक बघ. मोबाइल जोडलेला असेल तर 9966044425 वर मिस्ड कॉल दिला तरी शिल्लक कळते. ऑगस्टची वर्गणी 15 सप्टेंबरपर्यंत भरायची असते. पासबुकात तीन रकाने असतात: तुझे 1,495, मालकाचे 457 आणि पेन्शनचे 1,038. मालकाचे 12 टक्के असे दोन ठिकाणी वाटले जातात. हे तिन्ही दिसले तर पैसे भरलेत, फक्त तुझ्या खिशातून भरलेत. काहीच दिसलं नाही तर प्रकरण वेगळं, मग थेट पीएफ ऑफिस. खानदेशचं काम नाशिकच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे आहे, पण दर महिन्याच्या 27 तारखेला त्यांचा "निधी आपके निकट" मेळावा जिल्ह्यातच भरतो. भाडं वाचेल.

मग रुग्णालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाक. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, उत्तराला 30 दिवस. ठेकेदाराशी झालेला करार, ऑगस्टचं बिल, बिलासोबतचं हजेरीपत्रक आणि पीएफचं चलन, एवढंच माग. मालकाची वर्गणी ठेकेदार रुग्णालयाकडून बिलात घेतो की नाही ते त्यात दिसेल. घेत असेल आणि तुझ्याकडूनही घेत असेल, तर पुढे कुणाला काही समजावून सांगायची गरज नाही. गणवेश कुणी द्यायचा हेही करारातच असेल, म्हणून 750 वर आत्ता वाद नको.

मग वैद्यकीय अधीक्षकांकडे कपातीच्या तक्रारीचा अर्ज, पण एकट्याच्या नावावर नको. आणि हे लक्षात ठेव, ठेकेदारानं पगार थकवला किंवा कमी दिला तर तो भरून देण्याची जबाबदारी मूळ नियोक्त्याची, म्हणजे रुग्णालयाची असते. त्यामुळे वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज देणं ही चुगली होत नाही. धुळ्याला सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, प्रत तिकडे दे. दोन्हीकडे आवक शिक्का मारून घे. शिक्का नसलेला कागद वडे बांधायच्या कामाचा.

अजून एक. किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. जुलैपासूनचा दर तुझ्या 4,600 मध्ये धरलाय की जुनाच चालवलाय, ते कामगार कार्यालयातच विचार.

पांझराकाठचा

नऊ दिवसांनी लिहितोय, रात्रपाळ्या होत्या.

यूएएन मागितला तर सुपरवायझर आधी म्हणाला साइट बंद आहे. मग पावतीच्या कोपऱ्यातच बारीक अक्षरात छापलेला सापडला, काय बोलणार. पासबुक उघडलं. 1,495, 457, 1,038. हिशेबनीस काकांनी सांगितलं तस्सं. म्हणजे पैसे भरलेत.

वॉर्डातल्या इतरांच्या पावत्या पाहिल्या. चौदा जणांत अकरा जणांना "आस्था." आहे, तिघांना नाही. ते तिघं जुन्या ठेक्यापासूनचे. आम्ही अकराही जणांनी सही केली. शेवटच्या दोघांना मी घरी जाऊन हा धागाच वाचून दाखवला. अर्ज अधीक्षकांच्या कार्यालयात दिला, शिक्का घेतला. बाबू म्हणाला, "बिलाला तर चलन जोडलेलं असतं, मग तुमच्याकडून कशाला घेतील?" मी म्हटलं, तेच तर लिहिलंय साहेब. माहिती अधिकाराचा वेगळा टाकला. 15 ऑगस्टचा दिवस ठेकेदाराच्या माणसानं फोनवरच कबूल केला, पुढच्या पगारात जोडतो म्हणाला. "आस्था." बद्दल म्हणाला, कॉम्प्युटरची चूक आहे. अकरा जणांनाच नेमकी कशी झाली ते विचारलं नाही, कारण रेंज गेली.

घरी काकांना काल खरा आकडा सांगितला. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले पावती दाखव. त्यांना वाचता येत नाही, पण बराच वेळ हातात धरून बसले होते.

एक विचारायचं राहिलं. आमच्याकडेही सफाईच्या मावश्या आहेत, सगळ्यांना पी.टी. 200 कापलाय. त्यांचं याच अर्जात मागून जोडू का?

हिशेबनीस

नको. वेगळा अर्ज कर आणि त्यावर त्यांच्याच सह्या घे. ओटी मावशींनाही मसुदा पाठव.

ओटी_मावशी

पाठव रे भाऊ. आम्ही सातही जणी सोमवारी सकाळपाळीला आहोत.