मदत हवी आहे: आरव्हीने ग्रँड कॅन्यन, रात्रभर वीज लागणार

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात फिनिक्सहून, म्हणजे भावाकडून, आल्बकर्कीला मावशीकडे आरव्हीने, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीने, निघतोय. मध्ये दोन रात्री ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमसाठी (दक्षिणेकडचा कडा). गाडी भाड्याची, 25 फुटी. आम्ही दोघं, मुलगी आणि सांगलीहून आलेले आई-बाबा.

बाबा सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं) लावून झोपतात, त्यामुळे रात्रभर वीज हवीच. उद्यानातल्या ट्रेलर व्हिलेज या तळावर हुकअप (गाडीला वीज-पाण्याची जोडणी) आहेत, पण आमच्या तारखा भरल्यात. कोणी रद्द केलंय का ते रोज सकाळी बघतेय. उद्यानाबाहेरच्या टुसायन गावातही विचारलं, जागा नाही. उद्यानातल्याच मॅथर कॅम्पग्राउंडला मिळतेय, पण तिथे हुकअप नाहीत आणि रात्री जनरेटर लावता येत नाही. गाडीच्या बॅटरीवर माझा भरवसा नाही. 7,000 फुटांवर कडाक्याची थंडी, हीटरचा पंखाही तीच बॅटरी खाणार.

म्हणून दक्षिणेकडच्या विल्यम्स गावात मुक्काम करायचा विचार आहे. तिथून कॅन्यनला जाणारी आगगाडी नको, ती दुपारीच परत फिरते आणि आईला सूर्यास्त बघायचाच आहे. मग अंधारात हायवे 64 वरून साधारण 60 मैल परत यायचं, वाटेत एल्क (मोठी हरणं) आडवे येतात. एवढी गाडी तिथून रात्री कोणी चालवली आहे का? वयस्कर माणसं सोबत असताना पुन्हा चालवाल का?