बाजारभाव लिहायला आवडतं म्हटलं की लोक हसतात. पत्रकारितेत पुढे काय करू?

खट्टाबहार यांचा प्रश्न

नमस्कार. पुण्यातच पत्रकारितेच्या एम.ए.चं शेवटचं सत्र चालू आहे. वय २३, गाव पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे. (विमानतळाच्या सात गावांतलं नाही, शेजारचं. आधीच सांगते, कारण तालुका कळला की पुढचा प्रश्न तोच असतो.) सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. खोलीतल्या बाकी तिघी एमपीएससीवाल्या. पेपर सगळ्यात जास्त त्याच वाचतात, रेघा मारतात, अग्रलेख कापून ठेवतात. बाजारभावाला मात्र कुणी कात्री लावत नाही. तो तुकडा माझा.

तर गोष्ट तिथूनच सुरू होते. आमच्याकडे अंजीर, थोडं सीताफळ, पावसाळ्यात वाटाणा. माल गुलटेकडीला, मार्केट यार्डात जातो आणि एक-दोन दिवसांनी टेम्पोवाला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, आणून देतो. पडवीत खिळ्याला एक तार लटकवलेली आहे, बाबा तिच्यात पट्ट्या ओवून ठेवतात. लहानपणी पेपर मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे होतं. आजीला राशिभविष्य, बाबांना बाजारभाव. एकदा वाचलं, मटार दहा किलोला ४०० ते ५००. बाबांनी तार खाली काढली आणि त्याच दिवसाची पट्टी माझ्यापुढे धरली. ३१०. त्यातून अडत (माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन), हमाली, तोलाई, भाडं वजा. (तेव्हा अडत शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापायचे. २०१६ पासून ती खरेदीदाराकडून घेतात.) मी विचारलं, पेपरात खोटं छापतात का? बाबा म्हणाले, "खोटं नसेल गं. पण तो भाव कुणाला मिळाला, ते छापत नाहीत."

पत्रकारितेला का आलीस, असं प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं तेव्हा मी लोकशाहीचा चौथा स्तंभ वगैरे सांगितलं. खरं कारण ती तार होती.

अभ्यासाचं म्हणाल तर संज्ञापनाचे सिद्धान्त पाठ केले आणि विसरले. माध्यम कायदा आवडला. इतिहासाच्या पेपरात सगळ्यात रमले. 'दर्पण' १८३२ चं आणि 'केसरी' १८८१ चा हे शाळेतच पाठ होतं, पण नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यात बसून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' कित्येक दशकं चालवला, हे मला एम.ए.ला येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. वर्गातही ते अर्ध्या तासात उरकलं.

स्टुडिओच्या प्रात्यक्षिकात मात्र फजिती झाली. 'पाणीपुरवठा' शब्द मी चार वेळा वाचला आणि चारही वेळा कॅमेऱ्यामागून आवाज आला, "ण कुठंय?" त्यानंतर दोन महिने आकाशवाणी पुण्याच्या सात दहाच्या बातम्या ऐकत निवेदकाच्या मागोमाग म्हणत होते. आता ण येतो. घरी गेल्यावर परत जातो.

लघुप्रबंधाला विषय घेतला: वर्तमानपत्रांतले पालेभाज्यांचे भाव. तीन पेपर, सलग तीस दिवस, शेजारी बाजार समितीच्या संकेतस्थळावरचे रोजचे दर. एका तक्त्यात त्याच दिवशीची कोथिंबीर शेकडा जुडीला ८०० ते १२००, दुसऱ्यात ५०० ते १०००. एका पेपरने तर एका रविवारचा तक्ता पुढच्या रविवारी जसाच्या तसा छापला. ओळखला कसा? चुका या भाजीचं 'चूका' झालं होतं, आणि पुढच्या आठवड्यातही चुका 'चूका'च. मला इतका आनंद झाला की रूममेटला झोपेतून उठवलं.

मार्गदर्शकांनी तक्ते पाहिले आणि विचारलं, "बरंय. पण यात बातमी कुठाय?" वर्गात हशा. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आता समोर दोन रस्ते आहेत. एका न्यूज पोर्टलवर नोकरी मिळतेय. दिवसाला बारा ते पंधरा बातम्या करायच्या, त्यांतल्या बऱ्याच 'आजचे सोन्याचे दर' छापाच्या. (सोन्याचा भाव रोज चालतो, शेपूचा नाही!) पगार वेळेवर होतो, असं तिथली सीनियर सांगते. दुसरा रस्ता म्हणजे एका दैनिकाचं तालुका वार्ताहरपद. मानधन नावाला, आणि मुलाखतीतच विचारलं की वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिराती किती आणशील. आई म्हणते बँकेच्या परीक्षा दे. बाबा काही म्हणत नाहीत.

मला शेतमालाच्या बाजारावर लिहायचंय. चमचमीत नाही, रोजचं. असं काम करून पोट भरतं का? कुणी केलंय का?

---

रात्रपाळी

बावीस वर्षं डेस्कवर आहे, त्यामुळे आधी कबुली देतो. तुझा तो 'चूका' माझ्यासारख्याच कुणीतरी सोडला असणार. रात्री साडेअकराला पान सोडायचं असतं, बाजारभावाचा मजकूर आलेला नसतो, जागा रिकामी ठेवता येत नाही. मग जुनी फाइल उघडतात, तारीख बदलतात. समर्थन करत नाहीये, कसं होतं ते सांगतोय. तो कोपरा नेहमी सगळ्यात नवख्या मुलाकडे असतो आणि तो मुलगाही तिथून कधी सुटतो याची वाट बघत असतो. तुझ्यासारखं तिथे जायचंय म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहतोय.

बातमी कुठाय विचारलं ना? बाई, बातमी तुझ्या हातात होती, तू तक्ते दाखवत बसलीस. "एकाच दिवशी, एकाच यार्डात, कोथिंबिरीचे दोन भाव" हा झाला मथळा. त्याखाली एक शेतकरी, त्याची पट्टी, त्या दिवशीचे दोन्ही पेपर. तीनशे शब्द, पुरे. प्रबंधात निष्कर्ष शेवटी येतो, बातमीत तो पहिल्या ओळीत लागतो. हे तुला दोन वर्षांत कुणी सांगितलं नसेल तर शिक्षकांचं चुकलं. सांगितलं असेल तर तुझं.

नोकरीचं विचारशील तर पोर्टल घे. एक वर्ष. सोन्याचे दर लिही, सिलिंडरचे लिही, हात चालता होऊ दे. जाहिराती आणणाऱ्या वार्ताहराला ज्याच्याकडून जाहिरात घेतली त्याच्याविरुद्ध लिहिता येत नाही, आणि तालुक्याच्या गावात ती जाहिरात बहुतेक वेळा बाजार समितीच्या संचालकाच्या वाढदिवसाचीच असते.

---

गाळेवाला

मी पत्रकार नाही. आमचा मार्केट यार्डात गाळा आहे, आजोबांपासून. पेपरवाल्यांचा फोन आमच्याकडेही येतो म्हणून लिहितोय.

भाव सांगतो तो असा. फोन येतो तेव्हा दुकानात गर्दी असते, हमाल डोक्यावर गोणी घेऊन उभा असतो. "शेठ, कांदा काय?" मग जो आकडा तोंडावर असतो तो सांगतो. वरचा भाव म्हणजे सकाळपासून विकलेलं सगळ्यात भारी वक्कल, म्हणजे मालाचा एक वाटा, ते दहाच गोण्या असतील. खालचा म्हणजे भिजलेला माल. ह्या दोन टोकांच्या मध्ये जो खरा बाजार असतो तो कुणी विचारतच नाही, मग आम्ही तरी कशाला सांगू. तुमच्या वडिलांचा मटार ३१० ला गेला त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा ५०० ला गेलाही असेल. दोन्ही खरं. पावसाळ्यात उशिरा आलेल्या मालाला उठाव नसतो, हेही त्या तक्त्यात बसत नाही.

आडत्याला चोर ठरवून लिहायचं असेल तर सोपं आहे, सगळे तेच लिहितात. पट्टीतला एकेक आकडा कुठून येतो ते समजून घ्यायचं असेल तर रविवारी या, सगळ्यात जास्त आवक तेव्हाच असते. पालेभाजीसाठी पहाटेच या, सात वाजता आलात तर झाडलोट दिसेल. चहा पाजतो, पण मध्ये उभं राहू नका, हातगाडी पायावरून जाते.

---

पीआरवाली

मी दोन बॅच आधीची. आदर्शवाद वगैरे सगळं ठीक, पण भाड्याचं काय? मी पीआर एजन्सीत आहे, पगार बरा आहे, शनिवार-रविवार सुट्टी. वाईट वाटतं कधीकधी, महिन्याच्या एक तारखेला नाही वाटत. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरून ठेव, आईचं मन राहील.

---

शिवारफेरी

कृषी पत्रकारितेत अकरा वर्षं झाली. पोट भरतं का या प्रश्नाचं उत्तर: भरतं, सुटत नाही. :)

शेतीला वाहिलेलं दैनिक पुण्यातूनच निघतं, ते माहीत असेलच. तिथे प्रयत्न कर, पण नुसती आवड पुरणार नाही, आकडे वाचता यायला हवेत. तुझ्या प्रबंधात मला एक कच्चा दुवा दिसतो. तू किमान आणि कमालच धरलेस. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर जिथे नोंद असते तिथे सर्वसाधारण दर वेगळा दिलेला असतो आणि आवकही. एखाद्या दिवशी कमाल दर उंच आणि आवक अगदी थोडी असेल तर तो 'भाव कडाडले' नसतो, पाच जणांचा माल चांगला निघालेला असतो. आवक बाजूला मांड, मग गाळेवाले दादा म्हणतायत ते आपोआप दिसेल.

शिवाय तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्याकडे नाही. ती तार. तिच्यावर किती वर्षांच्या पट्ट्या आहेत? एका शेतकऱ्याच्या, एकाच गावच्या, एकाच यार्डाच्या सलग पट्ट्या, शेतकऱ्याकडून अडत घेणं बंद होण्याच्या आधीच्या आणि नंतरच्याही. अडत खरेदीदारावर गेल्यावर शेतकऱ्याच्या हातात खरंच जास्त पडलं, की भावातच वळती झाली? यावर भाषणं खूप झाली, कागद कुणी मांडले नाहीत. घरी फोन कर आणि त्या पट्ट्या आधी जपून ठेवायला सांग.

---

खट्टाबहार

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी सर, चूक माझीच. सांगितलं होतं, मी मागच्या बाकावर चुका-चूका मोजत बसले होते. पोर्टलला होकार कळवलाय, पुढच्या महिन्यापासून. पीआरवाली ताई, बँकेचा फॉर्मही भरला, आई खूश.

गाळेवाले दादा, काल पहाटे चारला येऊन गेले. मैत्रिणीची गाडी होती, ती गेटवरच गाडीवर बसून झोपली. मी कोथिंबिरीच्या ढिगाजवळ उभी होते. एकाच शेतकऱ्याच्या जुड्या, पहिल्या शंभर ११०० ला गेल्या. पाऊण तासाने शेवटच्या शंभर ६०० ला, कारण तोवर आणखी दोन टेम्पो लागले होते आणि खालच्या जुड्या दबून पिवळ्या दिसायला लागल्या होत्या. त्याला विचारलं, आजचा भाव काय म्हणायचा? तो म्हणाला, "कितव्या जुडीचा?" ते वाक्य वहीत लिहून घेतलं. पहिली ओळ बहुधा तीच. तुमचा गाळा शोधला, पण तुम्ही रुमाल चेहऱ्यावर टाकून झोपला होतात, उठवलं नाही. चहा बाकी आहे.

शिवारफेरी सर, बाबांना लगेच फोन केला. म्हटलं, तारेवरच्या पट्ट्या टाकू नका, मला हव्यात, २०१६ च्या आधीच्यासुद्धा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, खालच्या निम्म्या उंदरांनी खाल्ल्यात, वरच्या आहेत, शनिवारी येशील तेव्हा पिठाचा रिकामा डबा घेऊन ये, झाकणाचा.