ऑरोराचे 0.75 सीसी मॉडेल विमानाचे डिझेल इंजिन: अडकलेला पिस्टन, इंधन आणि योग्य विमान

मिरजकर:
एन.सी.सी.च्या हवाई विभागात असताना काकांनी वापरलेले, कोलकात्याच्या ऑरोरा कंपनीने बनवलेले, छोट्या मॉडेल विमानाचे 0.75 सीसीचे डिझेल इंजिन त्यांनी मला दिले आहे. अनेक वर्षे ते पेटीतच पडून होते. पिस्टन घट्ट बसला आहे, पंखा तसूभरही हलत नाही आणि सिलिंडरच्या पात्यांवर तपकिरी चिकट थर साचला आहे. ते खोलून साफ करावे का? आणि ते चालू झाल्यास कोणत्या विमानावर बसवावे?

टकटक:
कृपया खोलू नका. तो थर गंज नसून सुकलेले एरंडेल आहे, आणि त्यानेच आतले पोलाद इतकी वर्षे सांभाळलेले असण्याची शक्यता अधिक आहे. गरम हवेच्या झोताने इंजिन हाताला चटका बसेल इतके तापवा, एक्झॉस्टच्या खिडकीतून रॉकेलचे थेंब सोडा आणि लाकडी पंखा बसवून हाताने हळूहळू, मागे-पुढे जोर द्या. पक्कड मुळीच लावू नये, कारण या इंजिनाचा सारा जीव पिस्टन आणि सिलिंडर यांच्या अचूक बसणीत आहे. त्यात रिंग नसते, म्हणून एक ओरखडाही दाब घालवतो.

याला स्पार्क प्लग नाही, तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा ग्लो प्लग नाही आणि बॅटरीही लागत नाही. सिलिंडरच्या माथ्यावर कॉन्ट्रा-पिस्टन नावाचा दुसरा छोटा पिस्टन असतो व वरचा आडवा दांडा फिरवून तो खाली दाबला की दाब वाढतो. इंधनातले ईथर सुमारे 160 ते 180 अंश सेल्सियसला आपोआप पेट घेते, त्यामुळे दाबून तापलेल्या हवेतच स्फोट होतो. जुन्या इंजिनांसाठी ईथर, रॉकेल आणि एरंडेल समभाग घेण्याची पद्धत आहे. ग्लो इंजिनाचे मिथेनॉलचे इंधन यात चालत नाही. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीनेही भडकते, म्हणून मिश्रण उघड्यावरच करा. बराच काळ उघडी राहिलेली जुनी बाटली तर हातातही घेऊ नका, कारण तिच्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार झालेले असू शकतात.

सुरू करताना पंखा फिरवून अचानक अडकल्यासारखा वाटला, तर आत इंधन साचले आहे असे समजा. त्या वेळी जोर लावल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. दांडा सैल करून इंधन बाहेर काढा. इंजिन चालू झाल्यावर ऐकत राहा: आवाज तुटत असेल तर दाब कमी आहे, आणि इंजिन जड होऊन मंदावत असेल व धुराचा रंग काळपट होत असेल तर दाब जास्त आहे. गरम होताच दांडा थोडा सैल करावा लागतो. हे ऐकून जुळवणे कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर हाताला येते, आणि या इंजिनाचे खरे सुख त्यातच आहे.

बेडफर्डवासी:
तुमचे इंजिन मुळात इंग्लंडमधील वोकिंग येथील मिल्स ब्रदर्सच्या 0.75 इंजिनाची प्रतिकृती आहे. त्याच्यासाठी टॉमबॉय नावाचे मॉडेल विमान बांधा. विक स्मीड यांनी 1950 मध्ये आखलेले हे 36 इंची पंखांचे, बाल्सा या हलक्या लाकडाचे विमान याच आकाराच्या डिझेल इंजिनासाठी आहे. इथे इंग्लंडमध्ये जुन्या मॉडेल विमानांच्या चाहत्यांच्या ‘टॉमबॉय 3’ स्पर्धेत टाकी 3 सीसीची असते: तेवढ्याच इंधनावर उंची गाठायची, मग इंजिन थांबल्यावर वर चढणारा गरम हवेचा प्रवाह शोधत तरंगत राहायचे. रेडिओ नियंत्रण असल्याने विमान परत आणता येते. जुन्या काळी ते वाऱ्याबरोबर निघून जात असे.

मिरजकर:
इंजिन तापवल्यावर पंखा फिरू लागला, मनापासून आभार. टॉमबॉयला पंखा किती आकाराचा लावावा?

टकटक:
आठ बाय चारचा (आठ इंच व्यासाचा, चार इंच पिचचा म्हणजे एका फेऱ्यात चार इंच पुढे सरकेल अशा पीळाचा) लाकडी पंखा लावा आणि पहिल्यांदा चालवताना इंजिन घट्ट चौकटीवर बसवून, बोटे पंख्याच्या फेऱ्याबाहेर ठेवून, मागच्या बाजूने दांडा फिरवा.