अर्ध्यावर येऊन परत वर जाणारं दार : आपापले अनुभव आणि उपाय लिहा

जुळे सोलापूर, संध्याकाळचे साडेपाच. एका बंगल्याचं गॅरेजचं दार निम्मं खाली येतंय, थबकतंय, परत वर जातंय आणि मोटरवरचा दिवा मिचमिचतोय. हे दिसलं की जुने दिवस आठवून हात शिवशिवतात, म्हणून हा धागा.

मोटर गेली म्हणून नवीन घ्यायला निघण्याआधी खाली वाका. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून ६ इंचांच्या आत, समोरासमोर दोन सेन्सर असतात. एक किरण सोडतो, दुसरा घेतो. किरण तुटला की दार बंद होत नाही. दोन्हींवरचे बारीक दिवे स्थिर पाहिजेत. लुकलुकत असेल तो सेन्सर नट सैल करून केसभर फिरवा, दिवा ठरला की आवळा. भिंतीवरचं बटण दाबून धरलं तर दार पूर्ण खाली येतं, पण रिमोटने येत नाही? मग दोष सेन्सरकडेच.

गेट, शटर, सगळं चालेल. लिहा.

लिमिटस्विच : दार पश्चिमेला आहे का ते आधी विचारा की! सकाळी नीट आणि संध्याकाळीच नखरे, म्हणजे घेणाऱ्या सेन्सरवर ऊन पडतंय. दोन्ही सेन्सरची अदलाबदल करा म्हणतात, पण त्याने अर्धंच काम होतं. आपल्याकडे थंडीत सूर्य नैर्ऋत्येला बुडतो, मे-जूनमध्ये वायव्येला. थंडीत उत्तरेकडच्या सेन्सरला त्रास, सहा महिन्यांनी दक्षिणेकडच्याला. त्यापेक्षा वायरिंगच्या पाइपचा ३ इंचाचा तुकडा आतून काळा रंगवून सेन्सरच्या तोंडावर टोपीसारखा बसवा. बारा महिने निवांत.

चादरवाला : आणि कारखान्यांच्या भागात तंतू! अक्कलकोट रोडकडे यंत्रमागाची कापसाची भुकटी सेन्सरच्या काचेवर बसते, वरून दिसतसुद्धा नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थर बसतो.

नवी_पेठ_शटर : गॅरेज दाराचं मला माहीत नाही. आमच्याकडं शटर. मोटर घूं घूं करते पण शटर हलत नाही, तर कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला धक्का देणारा डबा) बघा. मेन बंद करा, मग दोन्ही टोकांना जुना पिवळा बल्ब होल्डरसकट टेकवा म्हणजे साठलेला करंट उतरतो, मगच हात लावा. मल्टिमीटरवर छापील आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घसरलेला दिसला तर बदला. मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्ट ४४० किंवा ४५०. "जरा मोठा टाका, जोर येईल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, वाइंडिंग तापतं.

आज्जींचा_मोबाईल : कपॅसिटर पंख्याचा चालतो का?

नवी_पेठ_शटर : नाही ओ आज्जी. पंख्याचा अडीच-तीन मायक्रोफॅरडचा असतो, इथं त्याच्या कितीतरी पट लागतो.

होटगीरोड : उन्हाळ्यात व्होल्टेजपण मोजा. २३० चे १९० झाले की मोटरचा जोर जवळजवळ दोन-तृतीयांश उरतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. दुपारी शटर अडकतं आणि रात्री लोण्यासारखं जातं, त्याचं हेच कारण. शटरच्या नळीत बसणारी मोटर असेल तर आणखी एक. ती सलग चारेक मिनिटांसाठीच बनवलेली असते. पोरांनी वर-खाली खेळ केला की मोटर तापते आणि आतला थर्मल स्विच तिला बंद करतो. १५-२० मिनिटं गप्प बसा, आपोआप सुरू होते. लोक तेवढ्यात मोटर उतरवतात.

कडकभाकरी : मी तर शटरच्या गाईडमध्ये (दोन्ही बाजूंच्या खाचेत) भरपूर ग्रीस मारतो, मस्त चालतं 👍

लिमिटस्विच : का बे, आठ दिवस मस्त चालतं! नंतर धूळ अन् ग्रीसचा लगदा होऊन पट्ट्या अडकतात. ग्रीस फक्त चेनला. गाईड कोरड्या कापडाने पुसून सिलिकॉन स्प्रे, तोही हलका.

कडकभाकरी : आता काढू कसं ते 😅

लिमिटस्विच : रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं, पट्टीवर गुंडाळून. आणि शेंगाचटणी पाठवा, मजुरी म्हणून.

सरकतं_गेट : सरकत्या गेटवाल्यांनी आधी किल्लीने मोटर मोकळी करून गेट हाताने ढकलून बघा. हाताने जड जातंय तर मोटरला काय दोष देता? चाकाचं बेअरिंग नाहीतर रुळातली खडी. दुसरं, दातेरी पट्टी आणि मोटरचं दातेरी चाक यात १ ते २ मिमी फट पाहिजे. चाकं झिजून गेट खाली बसलं की अख्खं वजन मोटरच्या दांड्यावर येतं, मग गिअर जातो. नवा गिअर टाकून फट तशीच ठेवली तर तोही जाणार.

विजापूररोड : रिमोट फक्त जवळून चालतो. सेल नवीन टाकलाय.

होटगीरोड : १२ व्होल्टचे बारके सेल दोन असतात, २३ए आणि २७ए. २७ए जरा बारीक, जाडाच्या जागी घातला तर हलतो. तो बरोबर असेल तर रिसीव्हरची वायर बघा. ४३३ मेगाहर्ट्झला साधारण १७ सेंमी लागते, ती सरळ लोंबती पाहिजे. वायरमन नीटनेटकं दिसावं म्हणून गुंडाळी करून डब्यात कोंबतात. आणि मोटरमध्येच स्वस्त एलईडी बल्ब असेल तर तो काढून रिमोट दाबा, बऱ्याचदा तिथंच उलगडा होतो. भिंतीवरचं बटण चालतं पण रिमोट अजिबात नाही, तर पॅनेलवर लॉकचं बटण दाबलं गेलंय का ते बघा.

आज्जींचा_मोबाईल : रिमोट हरवला तर चोर उघडतील का?

होटगीरोड : मोटरवरचं लर्न बटण (रिमोट जोडायचं) दाबून धरा, सगळी मेमरी पुसते. उरलेले रिमोट परत जोडून घ्या. किती सेकंद ते पुस्तिकेत असतं.

पाल_पकडा : कंट्रोल बोर्डात मुंग्या! वायरीच्या भोकाला पुट्टी लावा. पाल तर शॉर्टच करते.

नवी_पेठ_शटर : 😂 पाल आमच्याकडं कायमची पाहुणी. गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) कोण कोण येणार?

पाल_पकडा : गड्डा संक्रांतीला, आत्ता एप्रिल चाललाय मालक.

लिमिटस्विच : एक राहिलं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. वर उघडणाऱ्या दाराची लाल दोरी (दार मोटरपासून सोडवणारी) दार पूर्ण बंद असतानाच ओढा, मग दार हाताने कमरेपर्यंत उचलून सोडा. तिथंच थांबलं तर स्प्रिंग ठीक. धाडकन खाली येऊ पाहिलं तर स्प्रिंग थकलीय, म्हणून पाय खाली ठेवू नका. दाराच्या वरच्या दांड्यावरच्या स्प्रिंगमध्ये बोटभर फट दिसली तर ती तुटलीय, मोटर चालवूच नका. साधी स्प्रिंग १०,००० वेळा उघडझापीसाठी असते. रोज चारदा धरलं तर सात वर्षांच्या आत संपते. ती बदलायचे दांडे घरी कुणी वापरू नका. दांडा सुटला तर हात मोडतो. आणि दार जड झालं म्हणून मोटरचा फोर्सचा स्क्रू वाढवू नका. तो वाढवला की खाली पोरगं आलं तरी दार थांबत नाही. तपासायला दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवा, दार टेकून परत गेलं पाहिजे.

कडकभाकरी : रॉकेल आणायला कुठं मिळतं हल्ली?

चादरवाला : नाहीच मिळत. पेंटच्या दुकानातून टर्पेंटाइन आणा, तेही चालतं. आणि खिडक्या उघड्या ठेवा.