ड्रोनयुद्ध : तुमचे अनुभव लिहा

पाकिस्तानशी संघर्ष पेटला आणि ७ मे २०२५ ला मॉक ड्रिल झालं त्या आठवड्यात मी गिरगावात आजीकडे होते. टीव्हीवर भोंगा ऐकून तिला १९७१ चा ब्लॅकआऊट आठवला, खिडक्यांना काळे कागद वगैरे. मग दोन दिवस नुसतं ड्रोन ड्रोन ऐकून म्हणाली, "तेव्हा विमानात माणूस तरी बसलेला असायचा गं, ह्यात कोण असतं?" म्हटलं कोणी नाही, लांब कुठेतरी स्क्रीनसमोर बसतात. "मग खाली कोण आहे ते त्याला कसं दिसणार?" मला उत्तर देता आलं नाही. ड्रोनशी कसलाही संबंध आलेल्यांनी लिहा प्लीज.

पवई
व्हिडिओतली माणसं, गाड्या ओळखणारं सॉफ्टवेअर लिहितो. वस्तूभोवती चौकोन पडतो, बाजूला टक्के येतात. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकेने एका पांढऱ्या टोयोटाचा तासन् तास ड्रोनने माग काढला, पाण्याचे कॅन स्फोटकं समजले आणि हेलफायर क्षेपणास्त्र मारलं, १० जण गेले त्यात ७ मुलं. आधी म्हणाले हल्ला योग्यच होता, १७ सप्टेंबरला चूक कबूल केली, पण शिक्षा एकालाही नाही! माझा चौकोन चुकला तर शीटमध्ये लाल रकाना भरतो आणि घरी जातो. ते वाचल्यापासून तो रकाना भरताना हात थांबतो.

चेंबूर
माझा भाऊ फौजेत आहे त्यामुळे मला सरळ वाटतं की माणूस जाण्यापेक्षा मशीन गेलेलं बरं, आणि हे बोलायची मला लाज नाही. आपण अमेरिकेकडून ३१ एमक्यू-९बी लढाऊ ड्रोन घेतोय तेही मला पटतं. पण त्याच मे महिन्यात फिरोजपूरला घरावर ड्रोन पडून एक बाई गेली, तीही कोणाची तरी बहीणच ना. भाऊ सुट्टीवर आला तेव्हा मुलुंडला लग्नात शूटिंगचा ड्रोन घुं घुं करत वर गेला, तर हा ताट तसंच ठेवून पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला. वहिनी बोलवायला गेली तरी आत आला नाही.

दहिसर
मी तेच लग्नाचे ड्रोन उडवतो. आम्हाला १२० मीटरपर्यंतच परवानगी, लढाईतले कितीतरी वरून उडतात, त्यांचे कॅमेरे भारी असतील, मान्य. पण कर्जतला चुलतबहिणीच्या लग्नात मी स्क्रीनवर बघत असिस्टंटला ओरडलो, "ती बाई फ्रेममध्ये मध्येच उभीये, हटव तिला." ती माझी आई होती.